डोळ्याखालचं

सोमवार. टाकीला सहा दिवस.

रविवारी टाकी येणार, हे सांगायला सून परसात आली तेव्हा ड्रायव्हर उजवा डोळा पुसत बसला होता.

हे त्याचं रोजचं काम. चहा झाला की त्याच शेगडीवर वाटीभर पाणी कोमट करायचं, सुती फडकं बुडवून पिळायचं आणि डोळ्याखालची कड आतून बाहेर पुसून काढायची. तीनदा. वाटीत उरलेलं पाणी संत्र्याच्या बुंध्याशी ओतायचं, आणि फडकं बुंध्यामागच्या वाळक्या खुंटीवर टांगायचं. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. परगावी लग्नाला गेला तरी फडकं खिशात. एसटीतली नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती, पण सगळे त्याला अजून ड्रायव्हरच म्हणत, आणि तोही कुणी हाक मारली की वळून न बघता आधी आरशात डोकावल्यासारखी मान तिरकी करायचा.

सून समोर उभी राहिली. हात ओले, उजवा खांदा डाव्या हातानं दाबलेला. त्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला होता, एवढंच. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही पाऊण तास. त्या पाऊण तासात ती पिंप, दोन बादल्या, सहा कळश्या, पातेली, पिठाचा रिकामा डबासुद्धा भरून घ्यायची, आणि मग दिवसभर मशीनवर बसून शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडायची. महिनाभरापासून तिचा तो हात डोक्यापर्यंत जात नव्हता. वेणी मुलगी घालून द्यायची, वाकडी.

"बाबा, हजार लिटरची सांगितलीय," ती म्हणाली. "गवंडी शनिवारी ओटा बांधून देईल."

कुठे, असं त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. घरावर पत्रे होते, त्यांना मांजर चाललं तरी आवाज व्हायचा. नळ उजव्या भिंतीनं येत होता. परस अकरा पावलं लांब, सात पावलं रुंद. डावीकडे मोरी आणि कपड्यांची दोरी. उजव्या कोपऱ्यात संत्रं. दोघंही थोडा वेळ संत्र्याकडे बघत राहिले, पाहुण्यासमोर त्याच्याचबद्दल बोलायचं असावं तसे.

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही, बाबा. ठरलंय." आणि मग आवाज उतरवून, "तुम्हाला माहीत नाही का मला किती वाईट वाटतंय ते."

त्याला माहीत होतं. तेच अवघड होतं. सून वाईट असती तर भांडता आलं असतं.


झाड.

चार खोडं, एकाच बुडातून उठलेली, सरळ, पत्र्याच्याही वर गेलेली. काटे बोटाएवढे. पानं मोठी, गडद. फळ मुठीएवढं, पिवळं, सालीवर फोड आल्यासारखं खडबडीत. आणि आंबट. असं आंबट की एक फोड तोंडात टाकली तर कान हलायचे.

सुरुवातीला ते गोड होतं. बायको होती तेव्हा. तीन हंगाम त्यानं गोड संत्री दिली, नारिंगी, सैल सालीची, हातात घेतली की आपोआप सोलली जाणारी. मग ती गेली, आणि तीन-चार वर्षांत झाडाचा गोडवाही गेला. तिचा हात उठला, झाडानं मनाला लावून घेतलं. हे पहिल्यांदा ड्रायव्हरच बोलला होता. मुलगा काही बोलला नाही, सून काही बोलली नाही, मग ते तसंच खरं होऊन बसलं. घरात कुणी आलं आणि फळ खाऊन तोंड वाकडं केलं की कुणीतरी हळूच सांगायचं, आई गेल्यापासून असं झालंय. पाहुणा मग उरलेली फोड आदरानं गिळायचा.

जे आंबट झालं त्यावर त्याचा जीव उलट वाढला. आपल्यासारखंच आहे, असं त्याला वाटायचं. तो त्याच्याशी गाडीच्या भाषेत बोलायचा. फांदी भिंतीबाहेर गेली की "आत घे, आत घे, अजून". नवी फूट बुडातून वर आली की "ये, जागा आहे, सरका जरा". जुन्या, बारीक, मरगळलेल्या फांद्या त्यानं एकेक करून करवतीनं काढल्या होत्या, म्हणजे नव्यांना वारा मिळावा.


मधेच: फांदी.

लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायको त्याच्या गाडीत कधी बसली नव्हती. एकदाच बसली. माहेरचं घर विकायचं ठरलं, तिथलं संत्र्याचं झाड घेणारा पाडणार होता, म्हणून ती शेवटचं जाऊन आली, आणि परतीची गाडी नेमकी त्याची निघाली. ड्रायव्हरच्या मागचंच आसन. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली हातभर फांदी, तान्ह्या मुलासारखी धरलेली.

कंडक्टरनं विचारलं, वहिनी, ह्याचं अर्धं काढू की पूर्ण?

"मांडीवरचं फुकट असतं," ती म्हणाली.

तीन तासांचा रस्ता त्यानं त्या दिवशी साडेतीन तासांत नेला. प्रत्येक खड्ड्याला दुसऱ्या गिअरवर. मागून लोक ओरडत होते, गाडी आहे की पाळणा. आतल्या आरशात त्याला तिचे दोन हात दिसत होते आणि फडक्यातून बाहेर आलेली दोन पानं. दुसऱ्या दिवशी तो मुक्कामाची गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा परसातल्या एका काटेरी रोपाला प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली होती. कलम बांधलं, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला आणि झोपला. गाडीच्या बाहेरचं त्याला तेव्हा फारसं काही विचारायचं नसायचं.


मंगळवार. पाच.

सकाळी मोरीतून घासल्याचा आवाज येत होता. सून नळाच्या तोटीवर संत्र्याची अर्धी फोड घासत होती. क्षारांचा पांढरा थर फेस होऊन उतरत होता आणि खालून पितळ चमकत होतं.

त्याला बघून तिनं फोड मुठीत लपवली. मग लपवून उपयोग नाही हे कळून उघडली.

"ह्यानंच निघतं, बाबा. पावडरीनं नाही निघत."

"निघू दे," तो म्हणाला. "कामाला येतंय हे बरंय."

पण तो बाहेर दारच्या पायरीवर जाऊन बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

संध्याकाळी मुलगा आला. मुलगा वायरमन, दिवसभर खांबावर चढून पायांच्या नडग्या सोललेल्या. त्यानं चप्पल काढता काढताच विषय काढला, म्हणजे त्याला शिकवून पाठवलेलं होतं. तिचा खांदा बघा. डॉक्टर म्हणतो उचलाउचल बंद. नातीच्या दंडाला परवा काटा लागला, केवढा सुजलाय. आणि मग बापाकडे न बघता:

"गोड असतं तर मीच म्हटलं असतं, राहू दे."

घरात त्या झाडाच्या बाजूचं एकच माणूस होतं, नात. नऊ वर्षांची. तिला गोड संत्रं कधी माहीतच नव्हतं. ती मीठ लावून त्या फोडी एकामागून एक खायची, डोळे मिटून, पाय आपटत, आणि सगळ्यांना सांगायची की आमच्याकडे आहे तसं कुणाकडेच नाही.

ड्रायव्हरनं चप्पल घातली आणि कलमवाल्याकडे निघाला. झाड मुळासकट हलवता येतं का, एवढंच विचारायचं होतं.


बुधवार. चार.

कलमवाला मोपेडवरून आला. त्याची रोपवाटिका होती, म्हणजे आता काळ्या पिशव्यांच्या रांगा होत्या आणि त्यांत काड्या. वय ड्रायव्हरपेक्षा जास्त, हात सतत थरथरणारे, त्यामुळे तो ते कायम खिशात किंवा बगलेत ठेवायचा. परसातली झाडं लावायला ड्रायव्हरच्या बायकोला त्यानंच शिकवलं होतं.

त्यानं झाडाला एक फेरी मारली. वर बघितलं. एक पान तोडून चुरगाळून हुंगलं. मग उकिडवा बसून बुडाजवळचा पाला बाजूला केला आणि नखानं साल खरवडली.

"हलवून काय करणार हे?" त्यानं विचारलं. "कुंपणाला लावणार?"

"म्हणजे?"

"जंबेरी आहे ही. रानटी. नुसता खुंट वाढलाय. बाईंचं झाड कुठंय?"

म्हाताऱ्याला दिसत नसावं, असं ड्रायव्हरला वाटलं. "हेच की ते."

"हे नव्हे हो. हे खालून आलंय." कलमवाल्यानं खिशातून एक हात काढला आणि थरथरत्या बोटानं मातीवर रेघ मारली. रेघेखाली मूळ. ते जंबेरीचं, कारण ती चिवट, कशातही जगते. रेघेवर गोड झाडाचा डोळा बसवायचा. डोळ्याच्या वर जे वाढेल ते गोड. डोळ्याच्या खालून जे फुटेल ते रानटी, ते दिसलं की मोडून टाकायचं. ठेवलं तर ते वरच्याच्या वाटचं सगळं पिऊन टाकतं. दोन-तीन वर्षांत वरचं वाळतं, खालचं उरतं.

"डोळा," ड्रायव्हर म्हणाला.

"डोळा. हा." कलमवाल्यानं फांदी खाली ओढली, पानाच्या बगलेतला गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा फुगवटा दाखवला. "आम्ही म्हणतो डोळा भरायचा. बाईंचा हात काय हलका होता ह्यात. त्या गेल्यावर तुम्ही डोळ्याखालचं काढत नव्हता का?"

ड्रायव्हरचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला.

"काढत होतो," तो म्हणाला. "रोज."

"कुठलं?"

ड्रायव्हरनं दाखवलं. बोट डोळ्याखाली ठेवलं आणि आतून बाहेर नेलं.

कलमवाल्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो हसला. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता भिंतीला टेकला, डोळे पुसले, आणि वर बघितलं तर ड्रायव्हर अजून तसाच उभा होता, बोट डोळ्याखाली. कलमवाल्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं दोन्ही हात परत बगलेत घातले.


मधेच: वाक्य.

डोळ्याखालचं काढत जा. कंटाळा करू नका.

रिक्षा दारात होती. बायकोला दवाखान्यात न्यायला मुलानं आणि सुनेनं धरलं होतं, सकाळचे नऊ वाजले असतील. चालता चालता ती परसाच्या दाराशी थांबली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एक शब्द बोलायची, मग श्वास घ्यायची.

आठवड्यापूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यावर त्याची नोकरी होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, स्वच्छ ठेवा, घाण साचू देऊ नका. ती रोज सकाळी कोमट पाण्यानं त्याचा डोळा पुसून द्यायची. त्या दिवशीही पुसून दिला होता, बसून, दम खात. मग पट्टी.

"अहो. डोळ्याखालचं. काढत जा. कंटाळा. करू नका."

"हो," तो म्हणाला. "तू चल आधी."

बोलताना तिनं हात वर केला होता. उजवीकडे. त्याच्या तिकडच्याच डोळ्यावर पट्टी होती.

दोन दिवसांनी ती गेली. मधे ती काही बोलली नाही.

जाताना माझीच काळजी केली तिनं, असं तो अकरा वर्षं लोकांना सांगत होता. कुणी ऐकणारं नसलं तर झाडाला.


अजून बुधवार.

कलमवाला निघायच्या आधी भिंत आणि खोडांच्या मधे तिरका होऊन शिरला. काटे शर्टात अडकले. आतून म्हणाला, "हे फडकं कुणाचं?"

"माझं."

"कशावर टांगलंय, बघितलंय का कधी?"

वाळकी खुंटी. मनगटाएवढं करडं खोड, किड्यांनी पोखरलेलं, कमरेएवढ्या उंचीवर ड्रायव्हरनंच कधीतरी कापून ठेवलेलं. त्याच्या भिंतीकडच्या अंगाला दोन बोटं रुंदीची साल जिवंत होती, आणि त्या सालीतून वीतभर काडी निघाली होती. सात पानं. लहान, फिकट. काटे नाहीत.

कलमवाल्यानं त्यातलं एक पान तोडून ड्रायव्हरच्या हातात दिलं. ड्रायव्हरनं ते चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

गाडीचा वास आला. त्या दिवशीच्या गाडीचा. गरम रेक्झिन, डिझेल, आणि मागच्या आसनावरून येणारा हा. तो पाल्यात खाली बसला.

रोज सकाळी अकरा वर्षं तो तिच्या झाडावर ओलं फडकं टांगत होता. त्यातून जे चार थेंब गळायचे त्यावरच बहुतेक ते तगलं होतं, असं कलमवाला म्हणाला, पण ते त्यानं मघाच्या हसण्याची भरपाई म्हणून म्हटलं असेल.

मग तो कामाचं बोलला. हे खोड पोकळ आहे, हा हंगाम काढणार नाही. काडीवर चांगले डोळे तीन. ते उतरवून जंबेरीच्या एखाद्या कोवळ्या फुटीवर बसवायचे. बाकी मोठी खोडं काढायची, नाहीतर परत तेच. पण साल सुटली पाहिजे. झाडात पाणी खेळत असेल तरच साल लाकडापासून सुटते, आणि तुमचं हे तर सुकून आवळलंय. रोज दोन कळश्या घाला. रविवारी सकाळी येतो.

"दोन कळश्या," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि माझे हात असे. तुमचे डोळे तसे. कापायला कुणीतरी बघून ठेवा."


गुरुवार. तीन.

नळाचा दिवस. पाच वाजता तोटीतून आधी हवा आली, मग पाणी. सून कळश्या लावत होती. ड्रायव्हर मोरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. काल संध्याकाळपासून तो जेवला नव्हता आणि कारण कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्यानं सांगितलं. भरल्या कळशीच्या आवाजावर, मान खाली घालून, गाडी ठोकल्यावर डेपोत जबाब देत असल्यासारखं. डोळा म्हणजे काय. खालचं म्हणजे काय. फडकं कशावर होतं. जे फुटवे काढायचे ते मी वाढवले, जे ठेवायचं ते करवतीनं काढलं. तिनं एकच काम सांगितलं होतं.

सुनेनं ऐकलं. कळशी भरून वाहायला लागली तरी ती बघत राहिली, हे त्या घरात त्या वर्षी पहिल्यांदा झालं.

"म्हणजे झाडानं काही मनाला लावून घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी एवढ्या लोकांना सांगितलं."

तिच्या ओठाची एक कड हलली. त्यानं ते बघितलं, आणि त्याचीही हलली, आणि मग दोघांनीही तोंड फिरवलं.

मग तिनं डाव्या हातानं वाहती कळशी बाजूला केली. उचलता येईना तशी ढकलत, फरशीवर घासत, परसाच्या उंबऱ्यापर्यंत आणली. परत जाऊन दुसरी आणली.

"ह्या दोन आधी घाला," ती म्हणाली. "नळ जायच्या आत. मग आमचं बघू."

तो कळशी उचलायला वाकला.

"टाकी मात्र येणार, बाबा."

"येऊ दे की. मी कुठं नाही म्हणतोय."


शनिवार. एक.

मोठी खोडं त्यानं स्वतः कापायचं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, मी कापतो, तुम्ही आत बसा. तो नको म्हणाला.

करवत पहिल्या खोडाला लावली आणि हात थांबला. हे खोड आलं ते वर्ष त्याला आठवत होतं. नोकरीचा शेवटचा दिवस होता, हार घेऊन घरी आला होता, तो हार ह्याच्याच कोवळ्या शेंड्यावर टाकला होता. दुसरं नातीच्या जन्माचं. तिसऱ्याला वाकडं व्हायची सवय होती, गाडीतल्या जुन्या पट्ट्यानं बांधून बांधून सरळ केलं होतं. तिचं नव्हतं, हे आता कळलं होतं. पण त्याचं होतं. अकरा वर्षं ते आणि तो, दोघंच सकाळी उठून परसात असत.

"घ्या ना, बाबा," मागून मुलगा म्हणाला, हळू.

लाकूड आतून पांढरं निघालं, ओलं, लिंबाच्या वासाचं. गुरुवारचं पाणी कापल्या जागी थेंब थेंब दिसत होतं. चार खोडं पडेपर्यंत दुपार झाली. काटे हातात, मानेत. एक बोटाएवढी कोवळी फूट तेवढी ठेवली. परसात एवढा उजेड आला की सून आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

नातीनं शेवटची फळं फ्रॉकच्या ओच्यात गोळा केली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला गोडच पाहिजे होतं," ती म्हणाली आणि निघून गेली. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, जेवायला बोलवायचं असलं तर आईला सांगायची, त्यांना म्हणावं ताट वाढलंय.

गवंडी आला. सुनेनं त्याच्या हातातली दोरी घेतली, फूट आहे तिथून एक हात मोजला, आणि ओट्याचा कोपरा तिथं छाटायला सांगितला. गोल टाकीला कोपरा कशाला लागतो, ती म्हणाली. गवंडी म्हणाला, बाई, चौकोनच शोभतं. ती म्हणाली, शोभेचं आम्ही नंतर बघू.


रविवार.

कलमवाला चाकू घेऊन आला, फडक्यात गुंडाळलेला, पात्याची धार केसाएवढी. कापायला कोण, त्यानं विचारलं. मुलानं आपले हात बघितले, पकडीनं आणि तारेनं रुंद झालेले. ड्रायव्हरनं चष्मा पुसला आणि परत घातला.

"द्या इकडे," सून म्हणाली. "गळ्याची पट्टी लावते मी, ती काय सोपी असते?"

ती पाटावर बसली. हात खांद्याच्या खालीच चालवायचा होता, तेवढा चालत होता. कलमवाला बाजूला बसून सांगत होता, नाकातून श्वास घे बाळ, चाकू ओढू नको, नुसता टेकव, तोच जाईल.

पहिला डोळा उतरवताना फाटला. घाम पुसायला तिनं गाल दंडावर घासला.

दुसरा आला. ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा, मधे तो हिरवा दाणा. मग फुटीच्या सालीवर उभी चीर, वर आडवी. चाकूच्या टोकानं तिनं चिरेची कड उचलली, आणि सगळे वाकले.

साल सुटली. शिवणीतून अस्तर सुटावं तशी, ओली, चकचकीत.

"प्यालंय," कलमवाला म्हणाला.

डोळा आत सरकवला. त्याच्या वर चार बोटांवर तिसरा. मग पट्टी, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, हे तिला सांगावं लागलं नाही. गाठ मारून तिनं धागा दातानं तोडल्यासारखी मान झटकली, सवयीनं, आणि मग स्वतःशीच हसली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. टाकी आली. ती काळी, गोल, दारातून मावेना, भिंतीवरून घ्यावी लागली. ड्रायव्हर परसाच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता. येऊ दे. येऊ दे. डावीकडे. अजून वीतभर. बास.

छाटलेल्या कोपऱ्यापाशी टाकी आणि फूट ह्यांच्यात बरोबर एक हात अंतर राहिलं.


एकविसावा दिवस.

पट्टी सोडायला सूनच बसली. कलमवाल्यानं सांगून ठेवलं होतं, काळा निघाला तर मेला, हिरवा असला तर धरला. वाळकी खुंटी मधल्या दिवसांत गेली होती. काडीची उरलेली पानं गळली होती. म्हणजे जगात त्या झाडाचं आता जे काही होतं ते ह्या पट्टीत होतं.

वरचा काळा होता. हात लावल्याबरोबर सुक्या खपलीसारखा पडला.

ती थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "सोड."

तिनं खालचा वेढा सोडला. मग पुढचा. नात कधी येऊन मागे उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"उघडाय," नात म्हणाली. "आजोबा, डोळा उघडाय."

हिरवा. कडा जुळलेल्या. आणि मधे दाण्यातून सुईच्या टोकाएवढं काहीतरी वर आलेलं.

मुलगा आत जाऊन पाणी पिऊन आला. नातीनं विचारलं, ह्याला फळं किती वर्षांनी येणार, आणि तीन-चार हे ऐकून तिनं मोजलं, तोपर्यंत मी तेरा. मग जमिनीशी वाकून म्हणाली, आणि हे काय? बुडातून, डोळ्याच्या वीतभर खाली, एक नवा लालसर कोंब निघाला होता. टवटवीत, सरळ, घाईत असल्यासारखा.

ड्रायव्हर गुडघ्यावर बसला. त्यानं त्याला अंगठा लावला. क्षणभर तसाच ठेवला.

कटकन मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसात नुसताच बसला होता. शेगडीवर पाणी ठेवायला तो उठलाच नव्हता. डोळ्याखाली काही नव्हतं. तसं बघितलं तर गेली दहा वर्षं काही नव्हतं. फडकं टांगायला खुंटीही नव्हती.

सून बाहेर आली. डाव्या हातात वाटी, वाफ येणारी, खांद्यावर धुतलेलं फडकं. वाटी तिनं त्याच्याजवळ ओट्याच्या छाटलेल्या कोपऱ्यावर ठेवली.

"आता कशाला?" तो म्हणाला. "तिनं ते सांगितलंच नव्हतं."

"असू दे," सून म्हणाली. "पाणी झाडालाच जाणार आहे."

त्यानं फडकं बुडवलं, पिळलं, आणि डोळ्याखालची कड पुसली. आतून बाहेर. तीनदा.